तडीस

माझगावच्या रात्रशाळेत, मंगळवारी,
फळ्यावर लिहिलं: फॉलो थ्रू.
फॉलो म्हणजे मागे जाणं, मी म्हणाले. थ्रू म्हणजे आरपार.
आणि दोन्ही मिळून?
'पाठपुरावा,' पुढच्या बाकावरून कुणीतरी.
नाही. पाठपुरावा म्हणजे वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या.
हे त्याच्याही पुढचं.

जनार्दन नाखवा, मोऱ्याच्या लाँचवर खलाशी,
बाकात न मावणारा, उभा राहिला:
'बाई, दोर फेकला म्हणजे झालं, असं नसतंय.
फास खुंटाला बसला पायजे,
शेवटची म्हातारी टोपलीसकट
धक्क्यावर उतरली पायजे.
तड म्हणजे किनाराच ना?'

मी खडू खाली ठेवला.
बारा वर्षं 'तडीस नेणे' शिकवतेय,
त्यात पाणी आहे
हे कधी दिसलंच नव्हतं.

वाक्यात उपयोग करा, म्हटलं.
त्याने वही पुढे केली. वळणदार अक्षर, एक स्पेलिंग चुकलेलं:
दाखल्यावरचं माझं नाव नीट करून देते म्हणाल्या बाई,
जूनमध्ये. अजून फॉलो थ्रू केलं नाही.

त्याचा अर्ज माझ्या पर्समध्येच होता,
चार घड्या घालून, लाईटबिलाच्या खाली.

लाल पेन उघडलं.
स्पेलिंग सुधारलं.
बाकी वाक्य बरोबर होतं.