तिसरी हाक

दोन महिने उलटले, आमची मुलगी अजून बिननावाची.
दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'मुलगी',
घरात कधी बटाटा, कधी बाईसाहेब,
पहाटे तीनला आणखी काहीबाही.
सरकारी फॉर्म फ्रिजवर, माशाच्या चुंबकाखाली.
तीन महिन्यांची मुदत. उरले तीन आठवडे.

योन्नाला हवं लेम्पी, तिच्या पणजीचं.
आमच्या भाषेत जीव लावण्याला असलेला जुना शब्द,
आता थडग्यांवर आणि कॅलेंडरात तेवढा भेटतो.
मला हवं त्यूने.
वारा पडल्यावर पाणी जसं होतं, तसं.

माझी आई नाव ठेवायला आली
आणि नावं ठेवून गेली.
"त्यूने? तुझ्या आजोबांची आत्या होती त्यूने.
पाद्र्याच्या अंगावर उकडलेले बटाटे फेकले होते तिनं,
सालासकट. मागाहून भांडं."
आणि लेम्पी?
"आमच्याकडे ते गायीचं असायचं."
दुसरा कप कॉफी ओतून घेत म्हणाली,
"गाय चांगली होती, पण."

योन्ना म्हणाली, नाव कागदावर कळत नाही.
जेवायला बोलावताना कळतं.
जा, धक्क्यावर उभा राहा आणि मार हाक.

सप्टेंबर. बर्च पिवळे पडलेले,
तळ्याच्या कडेला गवतावर पहिलं दहिवर.
रबरी बूट घालून उभा राहिलो, कुणी बघत नाही ना पाहिलं.
आधी माझं. त्यू-ने-ए.
त्याला ओठांचा चंबू करावा लागतो,
आणि अर्धा आवाज चंबूतच राहतो.
उरलेला थोडा पुढे गेला, लव्हाळ्यात बसला.
मग तिचं. लेम्-पी-ई.
चपटा दगड फेकावा तसं गेलं,
टप्पे घेत, पलीकडच्या काठापर्यंत.

पलीकडे दार उघडलं.

ओइवाचं. सहा वर्षं समोरासमोर राहतो आम्ही,
बोलणं झालं दोनदा,
एकदा करवतीबद्दल, एकदा बर्फाच्या जाडीबद्दल.
सौनाच्या दारात उघडाच उभा, अंगातून वाफ निघतेय,
हात कपाळाशी धरून
झाडांकडे बघत होता. आमच्याकडे नाही.
"अरे देवा," योन्ना हळूच म्हणाली.

आम्ही नाव शोधत होतो, तो नावेतून आला.
शर्टाची बटणं एक-एक घर चुकलेली.
उतरला नाही. वल्हं धक्क्याला टेकवून बसला.
"माझ्या बहिणीचं आहे ते.
एक्क्याऐंशीनंतर मोठ्यानं ऐकलं नव्हतं.
दगडावर आहे कोरलेलं, पण दगड काय."

मी सारवासारव करायला लागलो.
अजून ठरलेलं नाही, दुसरंही एक आहे,
तुम्हाला त्रास होणार असेल तर
तो ऐकत नव्हता.
योन्नाच्या खांद्यावर लोकरीची टोपी, टोपीखाली
रडून लालबुंद झालेला चेहरा, तिकडे बघत होता.
"पहिल्या हाकेला कधी यायची नाही," म्हणाला.
"दुसऱ्याही नाही. आई तिसऱ्यांदा ओरडली की
रानातून निघायची, तोंड निळंशार,
बादली रिकामी."

कॉफी नको म्हणाला. मग तीन कप प्यायला, नावेत बसूनच.
निघताना, पाठ आमच्याकडे करून:
"तुम्ही एकदाच मारलीत."
तक्रार होती की काय होतं, कळलं नाही.

रात्री योन्नानं फॉर्म काढला. पेन चालेना,
तळहातावर गिरवून शाई आणली.
"रोज ऐकू जाईल त्याला," मी म्हटलं.
"तेच तर," ती म्हणाली.
"अगं, तेच तर."
तिनं लिहिलं. पाच अक्षरं. चुंबक परत लावलं.

बाहेर वारा पडला होता.
माझं नाव या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेलं,
कुणाचंच नसलेलं, चांगलं दिसत होतं.
पलीकडे दिवा चालू.
उरलेल्या दोन हाका मारायला मी दार उघडलं,
पण ती नुकती झोपली होती.
उद्या, म्हटलं.