वडगावातला शो

भरमाप्पाच्या मागाच्या शेडमध्ये
काँक्रीट आता उघडंच ठेवलंय, मुद्दाम.
आर्किटेक्ट मुलगी म्हणते, गिलावा म्हणजे लपवाछपवी.
भरमाप्पा भिंतीवर हात फिरवतो:
‘पैसे संपले काय की, पोरी?’

पडद्याला शेवटच्या ठाणाचं पांढरं कापड,
काठ न कापलेला.
सिनेमा कन्नड. मला अर्धामुर्धा कळतो,
म्हणून गंगव्वा कानात मराठी करून सांगते,
आधी स्वतः हसून घेते.
माझं हसू नेहमी एक वाक्य उशिरा.

मध्येच संगीत. खटक, खटक,
कुणी मागाचाच आवाज घेतलाय.
अंधारात भरमाप्पाचा पाय
नसलेली पावडी दाबतो.

शेवटी नुसतं धुकं, एक बाई, बंद पडलेली बस.
मी कान पुढे करतो.
‘बोलतच नाहीत रे कोणी,’
गंगव्वा म्हणते,
‘बघ की.’