सावद्याचा वजनकाटा

रात्री अकराला अपग्रेड लावलं.
साडेअकराला काळा पडदा, वर एकच ओळ:
बूट करायला डिस्क सापडत नाही.

यंत्राच्या पोटातलं हे दुसरं यंत्र.
याला उघडून फुंकर मारता येत नाही,
आणि काट्याचा सगळा हिशेब यातच.

बाहेर केळीचे नऊ ट्रक.
प्रल्हाद फिरके दोनदा चहा ठेवून गेले,
तिसऱ्यांदा दारातच थांबले,
"काय झायं रे भो? मेलं का?"

मेलं नाही, काका.
डिस्क जागच्या जागी आहे, चाळीस जीबी.
(स्नॅपशॉट घेतला नव्हता,
हे मात्र बोललो नाही.)

दोन तास मी भलतंच उकरत होतो.
मग दिसलं: नव्या आवृत्तीनं दार बदललंय.
हे बिचारं जन्मभर आयडीईच्या दारानं आत आलेलं,
आता साटाच्या दारात उभं राहून
अंधारात कडी चाचपतंय.

एक शब्द खोडला, जुना लिहिला.

पावणेतीनला पडद्यावर हिरवं माळरान, निळं आभाळ.
वजन: शून्य.

फिरके चपला काढून स्वतःच काट्यावर चढले.
ऐंशी.
"मी अठ्ठ्याहत्तरचा," ते म्हणाले,
"दोन वाढवून सांगतो. आपलाच आहे.
घे रे, पहिली गाडी घे."