चौसष्ट अक्षरं

रक्तपेशी मोजणारं यंत्र ठीक होतं.
मेला तो त्याचा संगणक,
आणि नवा आला तो साफ कोरा,
यंत्राशी एक शब्द बोलता न येणारा.

केरेनच्या आमच्या दवाखान्यात
पाणी येतं दिवसाआड,
वीज येते तिच्या मर्जीने,
इंटरनेट येत नाही.
सॉफ्टवेअर येतं अस्माराहून, बसने,
ड्रायव्हरच्या खिशात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

तिकडे माझा मावसभाऊ फित्सुम
कॅफेतल्या खुर्चीवर अर्धा अर्धा तास विकत घेतो.
नव्वद टक्क्यांवर वीज गेली
की फाईल पुन्हा शून्यावर,
आणि हा पुन्हा रांगेत.

पहिल्या बसने आला मुख्य प्रोग्राम.
अर्ध्यात थांबला. म्हणाला, माझी एक फाईल हवी.
नाव कागदावर उतरवलं,
टिंबं, आडव्या रेघा, आकडे, सगळं,
कागद परतीच्या बसमध्ये.
दुसऱ्या बसने ती आली. तिला हवी होती तिची बहीण.
बहिणीला घेऊन तिसरी बस आली
सोमवारी, उंटांच्या बाजारातून वाट काढत.
निघाली जुनी.
दोन पॉइंट चार लिहिलं होतं मी,
माझा घाईतला चार
त्याला एक वाटला.

तोवर मी मोजत होते डोळ्यांनी,
भिंगाखाली, चौकोनाचौकोनाने,
अंगठ्याने गणकयंत्राची कळ दाबत.
रात्री डोळे मिटले तरी
गोल गोल सरकत राहायचे.

चौथ्या बसने फाईल आली,
सोबत बेकरीच्या बिलामागे
फित्सुमच्या अक्षरात तिची खूण.
चौसष्ट अक्षरं, एका ओळीत न मावलेली.
ही जुळली तर फाईल धड पोचली.

ओक्बाय आमचा कोठीवाला.
साहेलच्या खंदकांत त्याने वायरलेस सांभाळलेला.
तो स्टूल ओढून बसला, कानामागचा हात काढला नाही.
‘तू पडद्यावर बघ. मी कागद वाचतो. घाई नको.’
सात. एफ. तीन. शून्य.
सात, एफ, तीन, शून्य, मी म्हणत गेले.
दाराशी थांबलेल्या बायका गप्प झाल्या,
त्यांना वाटलं आमची काही प्रार्थना चालली आहे.

एक्केचाळिसाव्याला तो म्हणाला, सहा.
पडद्यावर होता बी.
पुढची सगळी जुळली.
ओक्बायने बिलाची घडी घातली.
‘परत पाठव.’

मी म्हटलं, बाबा, फाईल मोडकी असती
तर ही अख्खी ओळच वेगळी आली असती.
एकच अक्षर हुकलं, म्हणजे हुकला तो हात.
‘एकच अक्षर,’ तो म्हणाला,
आणि खिडकीबाहेर बघत राहिला.
कुठल्या रात्रीचं, कुणाचं, ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मग घडी उलगडून त्याच्यापुढे धरली.
बघा, हा इथला बी, हा त्याच्या खालचा.
प्रत्येकाचं पोट फुगलेलं, मान वाकलेली.
आणि हा सहा बघा. आहे फरक?
त्याने कागद उजेडाला लावला,
चष्मा पुसला, पुन्हा लावला.
चुलीवरची कॉफी उतू जाऊन
कोळशाचा वास आला तरी बघतच होता.
‘तुझ्या भावाला
लिहायला शिकव,’ म्हणाला. ‘चालव.’

चालला प्रोग्राम.
पट्टी भरली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
मी फक्त बाटलीतलं पाणी प्यायले, सगळं.

पहिला नमुना हगाझच्या पोराचा,
त्याची आई पहाटेपासून बाकावर.
यंत्र घुरघुरलं. पडद्यावर आकडा आला.
ओक्बाय स्टुलावरून उठलाच नव्हता.
‘सात. पॉइंट. दोन.’
मी म्हटलं, सात, पॉइंट, दोन.
त्याने पुन्हा वाचला, मी पुन्हा म्हटला,
आणि मग कुणाला तरी, खूप लांब,
कळवल्यासारखा तो पुटपुटला:
‘पोचलं.’