सपाट बुडाची

चरईतल्या वाइन शॉपात शिरण्याआधी
दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले,
शेजारच्या मेडिकलमधून बामची डबी घेतली, उगाच.

काउंटरवरचा पोरगा रोहिदास.
"काकू, शॅम्पेन सहा हजारांपासून."
म्हणजे सोसायटीचे दोन महिने.
"मग नाशिकची घ्या. बुडबुडे तेच,
फक्त शॅम्पेन म्हणायचं नाही."
बुडबुड्यांनाही जात असते तर.

वांगं दाबून घेता येतं, कलिंगड वाजवून.
ही काळी बाटली पारखायची कशी?
उलटी केली. बुडाला हा एवढा खड्डा.
म्हटलं, मापात मारतात वाटतं.
"खड्डा खोल तेवढी भारी," तो हसला,
आणि मागच्या फळीवरून काढून दिली
एक लाल, सपाट बुडाची, साडेसहाशेची.
"ही मी आईला नेतो."
बाकी काही विचारलं नाही मी.

एर्मिना दरवर्षी घरीच घालायची, मनुकांची.
बरणीला फडकं, फडक्यावर पेन्सिलीने तारीख.
यंदा हात थरथरतात.
बरणीत तांदूळ भरलेत.

नाताळची दुपार. स्टीलचे दोन पेले.
तिने घोट घेतला, जिभेवर फिरवला,
पेल्याच्या तळाशी बघितलं.
"आंबट आहे गं."
मी किंमत सांगितली नाही.
तिने साखरेचा डबा ओढला,
माझ्यात दोन चमचे, तिच्यात तीन,
आणि ढवळत राहिली,
साखर विरघळल्यानंतरही,
बरणी ढवळायची तेवढा वेळ.