लादीतली काडी

कळमन्याचा बर्फ कारखाना.
दाराबाहेर मे, सेहेचाळीसवर.
लालसू कुमरे टोच्यानं लादी फोडतो.

पेपरात होतं:
कुठल्याशा डोंगरावरचा बर्फ सरकला,
आत बाण निघाला, चार हजार वर्षांचा,
तातीचे वेढे घट्ट
आणि पीससुद्धा.

"माह्या आज्याच्या तीराले मोराचं पीस होतं,"
लालसू म्हणतो,
"उधईनं दोन पावसाळ्यात खाल्ला."

आज एका लादीत गवताची काडी.
टोच्या थांबला.
रसवंतीवाला ओरडतोय, तरी
तेवढा तुकडा त्यानं कोपऱ्यात,
पोत्याखाली ठेवला.

तासभर टिकला.
मग ओल्या फरशीवर काडी.
लालसूनं उचलली, लुंगीला पुसली,
एक डोळा मिटून
टोकापासून टोकापर्यंत पाहिली,
सरळ आहे का.