बॉयलरवाल्याची दोन मिनिटं

माझं नाव वर्नेल टॉलिव्हर.
टॅनर स्ट्रीट शाळेचा बॉयलर एकवीस वर्षं मी पेटवतो.
दोन मिनिटं आहेत ना? दिवा हिरवा आहे तोवर बोलतो.

तुमच्या कागदावर लिहिलंय: क्षमता आठशे, मुलं चारशे अकरा,
म्हणजे शाळा अर्धी रिकामी, म्हणजे कुलूप.
हिशेब चोख आहे. मीही रोज काटे वाचतो,
दाबाचा, पाण्याच्या पातळीचा.
काटा खोटं बोलत नाही,
पण तो कुठे बसवलाय ते बघावं लागतं.

तिसरा मजला रिकामा नाही, मंडळी.
तो बंद आहे. बंद मी केलाय,
तुमच्याच पत्रावरून,
ज्या हिवाळ्यात छताचा ओला तुकडा
मिस ओकाफोर यांच्या टेबलावर पडला, हजेरीपटावर.
पत्रात शब्द होता, तात्पुरतं.
ते पत्र अजून आहे, माझ्या वॉशरच्या डब्यात,
तेलाने इतकं पारदर्शक झालंय
की उलटं धरलं तरी वाचता येतं.

दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणालात, राज्याकडे बोट दाखवलंत.
राज्याने आमच्या घरांकडे दाखवलं:
घरं स्वस्त, म्हणून कर थोडा, म्हणून शाळा अशी.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,
असं समजूतदार आवाजात सांगितलंत.
मी हॅरिसबर्गला जाऊन आलोय. एका बसमधून बावन्न जण,
मांडीवर सँडविच, पोरांनी रंगवलेले पुठ्ठे.
तिथला संगमरवरी जिना चढलोय.
आडात आहे.
पोहरा तेवढा आम्हाला भोकाचा दिलाय.

पुलापलीकडच्या गावात माझा मेव्हणा हेच काम करतो.
त्याच्या बॉयलरला पडदा आहे, बोटाने चालतो.
त्यांनी भंगारात टाकलेला व्हॉल्व्ह मी उचलून आणला.
आमच्या इमारतीतली सगळ्यात नवी वस्तू तीच.
हसा. मीही हसलो होतो.

पिवळा लागला.

मुलांना तुम्ही एल्डर अव्हेन्यूच्या शाळेत पाठवणार.
नकाशावर एक मैल आणि थोडं.
नकाशावर मालगाडी नसते.
सकाळी सव्वाआठला ती फाटकात उभी राहते, कधी वीस वीस मिनिटं,
आणि उशीर झाला की पोरं दोन डब्यांच्या मधून...
नाही, मी पाहिलेलं नाही. शपथेवर, मी पाहिलेलं नाही.
मागे छिम बाई बसल्यात, त्यांना विचारा
रात्रपाळीवरून परतताना त्या काय पाहतात.
पण त्यांना दोन मिनिटं पुरायची नाहीत,
अर्धी दुभाष्याकडेच जातील.

लाल.

करा बंद माईक.
बॉयलरशेजारी बोलून बोलून माझा आवाज असाच झालाय,
शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

ही किल्ली. तिसऱ्या मजल्याची. इथे ठेवतो.
या, आणि मग मोजा.
तीनशे नऊमध्ये फळ्यावर अजून गणित आहे,
अर्धा अधिक पाव बरोबर,
आणि पुढे कुणीतरी लहान हाताने आखलेला
वाकडा, रिकामा चौकोन.
फडकं घेऊन मी तीनदा त्याच्यासमोर उभा राहिलो.
पुसलं नाही.
उत्तर लिहिणंही माझं काम नव्हतं.

मतदान गुरुवारी, म्हणालात.
शुक्रवारी कडाका सांगितलाय.
तुम्ही काहीही ठरवा, मी पहाटे पाचला येईन.
पाणी तापायला दोन तास लागतात,
आणि पहिलीच्या वर्गाचा रेडिएटर
पाइपाच्या अगदी टोकाला आहे,
तिथवर ऊब पोचायला
वेळ लागतो.